गिटार घेऊन कॉमेडी करणं म्हणजे चीटिंग? स्टँडअपमधल्या गाण्यांचं गणित समजून घ्या

रील्स स्क्रोल करताना एखादा स्टँडअप कॉमेडियन मांडीवर गिटार घेऊन बसलेला दिसला की कमेंट बॉक्समध्ये लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "भावा, कडक!" दुसरा म्हणतो, "जोक सुचत नाहीत, म्हणून गाणं म्हणतोय."

हा दुसरा आरोप फक्त प्रेक्षकांचा नाही. खुद्द कॉमेडियन मंडळींमध्येही तो जुना वाद आहे. अनेकांच्या मते खरा स्टँडअप म्हणजे एक माणूस, एक माईक आणि शब्द. त्यात वाद्य आलं की ती पळवाट झाली.

पण हाच वाद तुम्ही दोडामार्गच्या एखाद्या जत्रेत रात्र जागवलेल्या माणसाला सांगितला तर तो बुचकळ्यात पडेल. पेटी आणि मृदंगाशिवाय विनोद होतो, हेच उलट त्याला नवल वाटेल.

म्हणून म्युझिकल कॉमेडी म्हणजे काय, गाण्यामुळे विनोदाला काय मिळतं आणि ते गाणं एवढं झोंबतं का, हे आज मुंबईच्या कॉमेडी क्लबऐवजी सिंधुदुर्गाच्या टोकावरून समजून घेऊ.

म्युझिकल कॉमेडी म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर ज्या विनोदात चाल, ताल किंवा वाद्य काढून घेतलं की विनोद अर्धा होतो, ती म्युझिकल कॉमेडी. कॉमेडियन मध्येच सहज एखादी ओळ गुणगुणला, तर त्याला कोणी म्युझिकल कॉमेडी म्हणत नाही.

याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार विडंबनाचा. लोकांच्या ओठांवर असलेली चाल घ्यायची आणि शब्द आपले टाकायचे. अमेरिकेतला 'विअर्ड अल' यान्कोविक कित्येक दशकं हेच करतोय.

दुसरा प्रकार स्वतःच्या विनोदी गाण्याचा. शब्दही आपले, चालही आपली. बो बर्नहॅम हे याचं सोशल मीडियाच्या पिढीला सगळ्यात जवळचं उदाहरण. २००६ मध्ये, १६ वर्षांचा असताना, त्याने घरातल्या खोलीत बसून रेकॉर्ड केलेली गाणी यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. पुढे २०२१ मध्ये त्याचा 'इनसाइड' हा स्पेशल नेटफ्लिक्सवर आला. लॉकडाऊनच्या काळात एकाच खोलीत, एकट्याने लिहिलेला, गायलेला, शूट केलेला. न्यूझीलंडची 'फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स' ही जोडी आणि ऑस्ट्रेलियाचा टिम मिंचिनही याच वाटेवरचे.

तिसरा प्रकार म्हणजे बोलत बोलत विनोद करायचा आणि वाद्य फक्त साथीला ठेवायचं. एखादा सूर छेडायचा, थांबायचं, पंच टाकायचा, पुन्हा सूर. आपल्याकडे केनी सेबॅस्टियनच्या शोमध्ये गिटार अशी बऱ्याचदा दिसते. वीर दासचा तर 'एलियन चटणी' नावाचा अख्खा कॉमेडी बँड होता. 'ऐसी तैसी डेमोक्रसी'मध्ये 'इंडियन ओशन' बँडचे राहुल राम, लेखक वरुण ग्रोवर आणि कॉमेडियन संजय राजौरा एकत्र आले, तिथेही राजकीय बोलणं आणि गाणं हातात हात घालून चालायचं.

मग दोडामार्गचा संबंध काय?

दोडामार्ग हा सिंधुदुर्गातला गोव्याला खेटून असलेला तालुका. पूर्वी सावंतवाडीत होता, नंतर वेगळा झाला. तिलारी धरण इथलं. इथली पोरं नोकरीला गोव्यात जातात आणि मोठं आजारपण आलं की लोक बांबोळीचं हॉस्पिटल गाठतात. त्या हॉस्पिटलमध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाल्यावर २०१८ मध्ये इथे आंदोलन पेटलं होतं आणि "आम्हाला गोव्यातच घ्या" अशी मागणीही झाली होती.

सीमेवर असल्यामुळे या तालुक्याला विनोदाच्या दोन संगीतमय परंपरांचा शेजार आहे. एक घरची, एक शेजाऱ्याची.

घरचा दशावतार

२०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' सिनेमा आला आणि कोकणाबाहेरच्या अनेकांना हे नाव नव्याने कळलं. सिंधुदुर्गात मात्र दशावतार म्हणजे देवळाच्या जत्रेचा अविभाज्य भाग. कार्तिक महिन्यापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि रात्ररात्र नाटकं रंगतात. मालवणीत त्याला 'धयकालो' असंही म्हणतात. सीमेपलीकडे पेडणे, डिचोली, सत्तरीतही दशावतारी काला होतो.

यात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, पण संवाद नट जागेवर रचतात. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. बाई दिसली तरी ती भूमिका परंपरेने पुरुषच करतो.

मुख्य आख्यानाच्या आधी 'आड दशावतार' होतो. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव यांच्यानंतर येतो संकासुर. काळा वेश, तोंडावर काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. गोष्टीत तो वेद चोरणारा राक्षस. रंगमंचावर मात्र तो गावाचा लाडका विनोदवीर असतो. मृदंगाच्या तालावर नाचतो, मालवणीत बोलतो, भटजीची फिरकी घेतो, समोर बसलेल्यांना टोमणे मारतो.

आता हे आजच्या भाषेत सांगून बघा. एकटा माणूस, समोर प्रेक्षक, संहिता नाही, प्रेक्षकांशी थेट बोलणं आणि बाजूला लाइव्ह संगीत. क्लबमध्ये ज्याला 'क्राउड वर्क' म्हणतात, ते संकासुर मृदंगाच्या साथीने करतो. त्याचा टोमणा बसला की मृदंगावर थाप पडते आणि हशा आणखी वर जातो.

शेजारचा तियात्र

दोडामार्गहून म्हापशाला गेलात की वेगळीच गोष्ट. गोव्यातला कोंकणी तियात्र. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन रिबेरो यांनी सादर केला, आणि तोही गोव्यात नाही, मुंबईत! 'इटालियन भुरगो' हे त्याचं नाव.

तियात्राची रचना मोठी गमतीची आहे. नाटक सहा-सात पडद्यांत विभागलेलं असतं. दोन पडद्यांच्या मध्ये गायक पडद्यासमोर येतात आणि 'कांतार' म्हणजे गाणं म्हणतात. तेवढ्यात मागे नेपथ्य बदलून होतं. या गाण्यांचा नाटकाच्या कथेशी बऱ्याचदा काही संबंध नसतो. विषय असतो कालपरवाच्या बातमीचा. मंत्री, पक्षांतर, खाणी, रस्त्यावरचे खड्डे. साथीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम्सचा लाइव्ह बँड. गाणं आवडलं तर लोक 'वन्स मोअर' मागतात.

म्हणजे बातमीवर विनोदी गाणं रचून लोकांसमोर म्हणण्याचं काम गोव्यात सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. आणि तेही तिकीट लावून.

बाकी महाराष्ट्रातही हे काही वेगळं नव्हतं. एकनाथांची भारुडं हसवत हसवत कान टोचतात. तमाशात सोंगाड्या आणि ढोलकी एकाच फडात. १९६५ मध्ये रंगमंचावर आलेल्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके चालू घडामोडींवर जागच्या जागी टोले लगावायचे, तेही लोकनाट्याच्या गाण्याबजावण्यात. पु. ल. देशपांडे तर पेटीही वाजवायचे, चालीही लावायचे आणि एकट्याने अख्खं थिएटर हसवायचे.

उलट वाद्याशिवाय उभं राहून बोलणं हाच आपल्याकडे तुलनेने नवा प्रकार आहे.

गाण्यामुळे विनोदाला मिळतं काय?

परंपरा आहे म्हणून ती चांगली, हा काही युक्तिवाद झाला नाही. त्यामुळे आता प्रत्यक्ष फायदे बघू.

१. अर्धी तयारी फुकटात होते

कुठल्याही जोकचे दोन भाग असतात. आधी प्रेक्षकाच्या मनात एक अपेक्षा तयार करायची, मग ती मोडायची. अपेक्षा तयार करायला वेळ लागतो. पण तुम्ही एखाद्या माहितीच्या गाण्याची चाल सुरू केली की पहिल्या दोन सेकंदांत प्रेक्षकाच्या डोक्यात पुढचे शब्द वाजायला लागतात. अपेक्षा तयार! आता तुम्ही वेगळा शब्द टाकला की विनोद झाला.

अमेरिकी गणितज्ञ आणि गायक टॉम लेहरर याचं उत्तम उदाहरण. त्याने एका प्रसिद्ध इंग्रजी संगीतिकेची घाईघाईची चाल घेतली आणि तिच्यात रसायनशास्त्रातल्या मूलद्रव्यांची नावं कोंबली. ती यादी नुसती वाचून दाखवली असती तर वर्ग झोपला असता.

२. यमक प्रेक्षकाला वाट बघायला लावतं

पहिली ओळ 'रस्ता' शब्दावर संपली की प्रेक्षक मनातल्या मनात 'खस्ता' की 'सस्ता' याचा अंदाज लावायला लागतो. तुम्ही त्याला हवा तो शब्द दिलात तर तो खूश. ऐन वेळी भलताच शब्द दिलात तर तो आणखी खूश. साध्या बोलण्यात प्रेक्षकाला असं गुंतवायला बरीच मेहनत पडते.

३. टायमिंग तालाच्या हातात जातं

स्टँडअपमध्ये सगळ्यात अवघड काय, तर कधी थांबायचं. नवखा कॉमेडियन घाबरला की भराभर बोलतो आणि हशा यायच्या आत पुढच्या वाक्यावर जातो. ताल त्याला थांबवतो. चार मात्रा मोकळ्या सोडायच्या म्हणजे सोडायच्या. तेवढ्यात लोक हसून घेतात.

४. प्रेक्षक विनोदात सामील होतो

सिंधुदुर्गात याचं उत्तर प्रत्येकाला पाठ आहे. गाऱ्हाणं! देवाला साकडं घालताना एक जण बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्याची लय एवढी पक्की आहे की विनोदी गाऱ्हाणी सोशल मीडियावर हमखास चालतात.

कसं काम करतं ते बघायला आम्हीच रचलेलं एक छोटं गाऱ्हाणं. दोडामार्गात हत्ती बागांमध्ये घुसतात आणि केळी, माड, भात यांची नासाडी करतात, हा गेल्या दोन दशकांहून जुना प्रश्न आहे. त्यावरचं हे:

"बा देवा म्हाराजा! — व्हय म्हाराजा!
हत्ती इलो, केळी खाल्ल्यान. — व्हय म्हाराजा!
सायब इलो, फोटो काढल्यान. — व्हय म्हाराजा!
हत्ती परत परत इलो, सायब काय परत इलो नाय. — व्हय म्हाराजा!
तर पुढच्या वर्षाक हत्तीक सायबाची सवय लाव आणि सायबाक हत्तीची सवय लाव रे म्हाराजा! — व्हय म्हाराजा!"

आता हाच मजकूर साध्या वाक्यात लिहा. "हत्ती वारंवार येतात, पण अधिकारी पाहणी करून गेल्यावर परत येत नाहीत." ही तक्रार झाली. बातमीत ती रोज छापून येते आणि कोणी हसत नाही. फरक पडला तो लयीमुळे आणि 'व्हय म्हाराजा'मुळे. तीन वेळा हो म्हटल्यावर प्रेक्षक चौथ्यांदा फक्त ऐकत नाही, तो तक्रारीवर सही करतो.

५. गाणं डोक्यात राहतं

हे फक्त आपल्याला वाटतं असं नाही. मानसशास्त्रज्ञ वांडा वॉलेस यांचं १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन यावरच होतं. बोलून ऐकवलेल्या मजकुरापेक्षा गाऊन ऐकवलेला मजकूर लोकांना जास्त आठवला. पण एक अट होती. चाल पुन्हा पुन्हा कानावर पडली तरच. एकाच कडव्यात संपलेल्या गाण्याचा तसा फायदा दिसला नाही.

कॉमेडियनसाठी यात थेट सल्ला आहे. चाल सोपी ठेवा, ती पुन्हा पुन्हा येऊ द्या आणि विनोद बदलत जा.

६. तासाभराच्या शोमध्ये श्वास मिळतो

एकच आवाज, एकच पट्टी, सलग ६० मिनिटं ऐकणं थकवणारं असतं. मध्ये एक गाणं आलं की कान ताजे होतात. तियात्रात दोन पडद्यांमध्ये कांतार येतं, ते हेही काम करतं.

७. जड विषय उचलता येतो

तमिळनाडूतल्या कोडाईकनालमध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. तिथल्या पाऱ्याच्या प्रदूषणाविरोधात कामगार २००१ पासून लढत होते. बाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं. २०१५ मध्ये चेन्नईची रॅपर सोफिया अश्रफ हिने निकी मिनाजच्या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर एक विडंबन-रॅप केलं. व्हिडिओ जगभर फिरला. खुद्द निकी मिनाजनेही त्याची दखल घेतली. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला.

हे सगळं एका गाण्याने झालं असं म्हणणं कामगारांच्या १५ वर्षांच्या लढ्यावर अन्याय ठरेल. पण जो विषय लोक वाचत नव्हते तो त्यांनी ऐकला, हे नक्की.

मग आक्षेप खोटे आहेत का?

नाही. त्यातले काही रास्त आहेत.

सगळ्यात मोठा आक्षेप टाळ्यांचा. गाणं संपलं की लोक सवयीने टाळ्या वाजवतात. विनोद बसला की फक्त गाणं संपलं, हे कॉमेडियनला कळत नाही. बोलणाऱ्याला अशी सूट नसते. त्याचा जोक पडला की शांतता होते आणि तो घरी जाऊन वाक्य सुधारतो.

दुसरा, लांबी. अनेक विनोदी गाण्यांमध्ये गंमत पहिल्या कडव्यातच कळते. पुढची तीन कडवी तीच गंमत पुन्हा सांगतात. ओपन माईकला पाच मिनिटं मिळतात. त्यातलं एक मिनिट गिटार सुरात लावण्यात गेलं, दोन मिनिटं धृपदात गेली, तर जोकसाठी उरलं काय?

तिसरा, ऐकू येणं. शब्द कळले नाहीत तर विनोद संपला. गिटार जोरात आणि आवाज हळू, ही चूक नवख्यांची ठरलेली.

यावर एक सोपी चाचणी आहे. गाण्याचे शब्द कागदावर लिहा आणि कोणाला तरी नुसते वाचायला द्या. तो कुठेच हसला नाही, तर चालीने तुम्हाला वाचवलंय. मग चाल सुरू करून तेच शब्द ऐकवा. आता तो वाचताना हसला त्यापेक्षा जास्त हसला नाही, तर चाल कशाला हवी? दोन्ही वेळा पास झालं तर ते खरं म्युझिकल कॉमेडीचं गाणं.

पण गाणं झोंबतंही जास्त

इथे येऊ महाराष्ट्रातल्या सगळ्यात चर्चित प्रकरणावर.

२३ मार्च २०२५ रोजी कुणाल कामराने 'नया भारत' हा शो यूट्यूबवर टाकला. त्यात 'दिल तो पागल है' सिनेमातल्या 'भोली सी सूरत' या गाण्याच्या चालीवर एक विडंबन होतं. त्यात नाव घेतलेलं नव्हतं, पण रोख उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर होता. ज्या ठिकाणी शो रेकॉर्ड झाला होता त्या मुंबईतल्या खार इथल्या 'द हॅबिटॅट'मध्ये त्याच रात्री शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी मुंबई महापालिकेचं पथक अनधिकृत बांधकामाच्या कारवाईसाठी तिथे पोहोचलं. हॅबिटॅटने काही काळासाठी दार बंद करत असल्याचं जाहीर केलं.

कामरावर गुन्हा दाखल झाला. तोडफोड करणाऱ्यांपैकी १२ जणांना अटक झाली आणि त्यांना त्याच दिवशी जामीनही मिळाला. आपल्याला व्यंग समजतं, पण त्याला मर्यादा हवी, अशी भूमिका शिंदे यांनी मांडली. कामराने माफी मागायला नकार दिला. २५ एप्रिल २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला अटकेपासून संरक्षण दिलं.

तो विनोद चांगला होता की पातळी सोडून होता, यावर तुमचं-आमचं मत वेगळं असू शकतं. इथे मुद्दा दुसरा आहे. त्या शोमध्ये कामरा इतर अनेक विषयांवर आणि व्यक्तींवर बोलला होता. पण गदारोळ झाला तो एका गाण्यावर. असं का?

कारण वर सांगितलेले सगळे फायदे इथे एकदम लागू झाले. चाल माहितीची होती. तुकडा छोटा होता. एकदा ऐकला की डोक्यात बसत होता. आणि कोणीही तो म्हणू शकत होता. बोललेला टोमणा ऐकून विसरता येतो किंवा "संदर्भ सोडून दाखवला" असं म्हणता येतं. गाणं मात्र कॉमेडियनच्या हातून सुटून लोकांच्या तोंडी जातं. शिवसेना ठाकरे गटाच्या सुषमा अंधारे यांनी त्या गाण्याला उघड साथ दिली, तेव्हा कामरा आणि अंधारे दोघांविरोधात विधान परिषदेत हक्कभंगाचा प्रस्ताव आला.

आणि तुटलं काय, तर एक छोटं थिएटर. तिथे रोज संध्याकाळी नवखे कॉमेडियन येऊन पाच-पाच मिनिटं आपलं नशीब आजमावायचे. एका गाण्याची किंमत त्यांनीही मोजली, ज्यांनी ते गाणं लिहिलंही नव्हतं.

विडंबन केलं तर कॉपीराइटचं काय?

कामराच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट झाली. टी-सीरिजने त्याच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा केला. विडंबन कायद्याने चालतं, असं कामराचं म्हणणं होतं.

रील बनवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, म्हणून थोडक्यात.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच निकाल दिला की व्यावसायिक विडंबनही 'फेअर यूज' ठरू शकतं. ब्रिटनने २०१४ मध्ये विडंबनासाठी कायद्यात वेगळी सूट दिली. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी सूट आहे. पण 'विडंबन' असा शब्द त्यात नाही. म्हणजे तुमचं विडंबन टीकेत मोडतं का, हे प्रकरणागणिक ठरतं.

शिवाय एका गाण्यात हक्कांचे तीन थर असतात. शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. तुम्ही शब्द बदललेत तरी चाल आणि रेकॉर्डिंग दुसऱ्याचं राहतं. यूट्यूबवरून कराओके ट्रॅक उचलला तर त्या ट्रॅकवरही कोणाचा तरी हक्क असतो. शब्द आणि चालीवरचा हक्क भारतात लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं.

यातून वाट काय? एक तर स्वतःची चाल बांधा. नाहीतर पारंपरिक चाल घ्या आणि स्वतः वाजवा. फुगडी, ओवी, गाऱ्हाण्याची लय यांच्यावर कुठल्या कंपनीची मालकी नाही. मात्र कुणी बाजारात आणलेलं त्यांचं रेकॉर्डिंग वापरलंत तर तो वेगळा विषय. आणि चाल आरतीची किंवा देवाच्या गाण्याची असेल तर कॉपीराइटपेक्षा भावना दुखावल्याची तक्रार आधी येते, हेही लक्षात ठेवा.

आता दोडामार्गातल्या पोराने काय करावं?

समजा तुम्ही दोडामार्गात राहता आणि स्टँडअप करायचं म्हणता. जवळपास कॉमेडी क्लब नाही. ओपन माईकसाठी पणजी किंवा मुंबई गाठावी लागणार. तिथे गेल्यावर समोरचे डेटिंग अ‍ॅप, रूममेट आणि इंजिनिअरिंगवरचे जोक करत असणार. तुमचा पहिला विचार असणार की आपणही तेच करू.

पण तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. गाऱ्हाण्याची लय तुमच्या कानात लहानपणापासून आहे. मृदंगाची थाप कधी पडली की हशा वर जातो, हे तुम्ही जत्रेत घोंगडीवर बसून बघितलंय. विषयही तयार आहेत. हत्ती, बांबोळी, रोजची गोव्याची ये-जा. मालवणी बोली चालेल का, ही शंका असेल तर 'वस्त्रहरण' आठवा. गंगाराम गवाणकरांचं आणि मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेलं हे मालवणी नाटक १९८० मध्ये आलं आणि त्याचे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले. त्याचा विषयच मुळी गावातल्या लोकांनी पौराणिक नाटक बसवताना उडवलेली धांदल हा होता.

तेव्हा गिटार येत नसेल तर हरकत नाही. पेटी येत असेल तर ती घ्या. तीही येत नसेल तर टाळ्यांचा ठेका पुरतो. मग शब्द लिहा, चालीशिवाय कुणाला तरी वाचायला द्या आणि तो हसतो का बघा.

हसला, तर लोकांसमोर उभे राहा आणि म्हणा, "बा देवा म्हाराजा!" पुढचं समोरचे म्हणतीलच.